आधी उपचार, मग कागद

रात्रीची वेळ. महामार्गाच्या वळणावर घसरून पडलेली दुचाकी, बाजूला रक्तबंबाळ माणूस आणि त्याच्याभोवती जमलेला घोळका. कोणी पाणी आणतो, कोणी हळहळतो, तर कोणी "हात लावू नका, पोलीस केस आहे" असे बजावतो. अखेर एखादा टेम्पोवाला धीर करून जखमीला जवळच्या दवाखान्यात नेतो. तेथे पहिले प्रश्न येतात ते असे : "नातेवाईक कोण? पोलिसांना कळविले का? अनामत कोण भरणार?" हे चित्र केवळ महाराष्ट्रालाच नव्हे, तर साऱ्या देशाला कित्येक वर्षे परिचित आहे. या प्रश्नोत्तरांत जी पंधरा-वीस मिनिटे जातात, तेवढ्यात एखाद्याचा प्राण जातो.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १५ हजार २२४ मृत्यू महाराष्ट्रातील होते. यांतील प्रत्येकाला वाचविणे शक्य होते असे कोणी म्हणणार नाही. तथापि, जखमींना पहिल्या तासाभरात रुग्णालयात दाखल करता आले तर निम्मे मृत्यू टळू शकतील, या वैद्यकीय तज्ज्ञांच्या मताची नोंद विधी आयोगाने २००६ साली आपल्या २०१ व्या अहवालात घेतली आहे. आणि प्रश्न केवळ रस्त्यावरील अपघातांचा नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, सर्पदंश, विंचूदंश, विषबाधा, भाजणे, अडलेली बाळंतीण, या साऱ्या प्रसंगी घड्याळ तितक्याच निष्ठुरपणे पुढे सरकत असते.

अशा वेळी डॉक्टरांचे, रुग्णालयाचे, शासनाचे आणि वाटसरूचे कर्तव्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या साडेतीन दशकांत न्यायालयांनी, संसदेने आणि वैद्यक व्यवसायाने टप्प्याटप्प्याने दिले आहे. त्याचे सार चार शब्दांत सांगता येते : आधी उपचार, मग कागद. हे चार शब्द प्रत्यक्षात उतरावयाचे तर त्यामागे कोणती व्यवस्था लागते, हे प्रत्येक नागरिकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

एका बातमीतून आलेला निर्णय

दिल्लीच्या एका इंग्रजी दैनिकात ऐंशीच्या दशकात एक वृत्त प्रसिद्ध झाले होते. मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला कोणी भल्या माणसाने जवळच्या रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी, असे पोलीस प्रकरण आपल्याकडे हाताळले जात नाही असे सांगून सुमारे वीस किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या रुग्णालयाचा रस्ता दाखविला. त्या रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच जखमीने प्राण सोडला. परमानंद कटारा या विधिज्ञांनी ही बातमी घेऊन सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

२८ ऑगस्ट १९८९ रोजी या याचिकेवर निर्णय झाला. मानवी जीविताचे रक्षण ही सर्वांत श्रेष्ठ बाब आहे. रुग्ण निरपराध असो वा गुन्हेगार, त्याचे प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे व्यावसायिक कर्तव्य आहे, मग तो सरकारी रुग्णालयात असो वा खाजगी, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पोलीस आल्याखेरीज जखमीवर उपचार करू नयेत असे कोणताही कायदा सांगत नाही, हेही न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत नोंदविले. डॉक्टरांना साक्षीसाठी विनाकारण खेपा घालावयास लावू नयेत आणि पोलिसांनी त्यांना त्रास देऊ नये, अशी अपेक्षाही याच निर्णयात व्यक्त झाली. डॉक्टरांच्या मनातील भीतीचे मूळ कोठे आहे, हे न्यायालयाने अचूक ओळखले होते.

सात वर्षांनी, ६ मे १९९६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर जुलै १९९२ मध्ये आगगाडीतून पडला आणि त्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. त्याला एकामागून एक अनेक सरकारी रुग्णालयांत नेण्यात आले. कोठे खाट रिकामी नव्हती, तर कोठे आवश्यक सोय नव्हती. अखेर खाजगी रुग्णालयात उपचार घेऊन तो वाचला. पण सुमारे सतरा हजार रुपयांचा खर्च त्या मजुराच्या शिरावर आला. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग होय, असे सांगून न्यायालयाने राज्य शासनाला पंचवीस हजार रुपयांची भरपाई देण्यास सांगितले. पैशाची चणचण ही या घटनात्मक जबाबदारीतून सुटण्याची सबब होऊ शकत नाही, असेही बजावले.

या निर्णयाचे मोल भरपाईच्या रकमेहून मोठे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णाची प्रकृती स्थिर करण्यापुरती तरी साधने असावीत, कोणत्या रुग्णालयात खाट उपलब्ध आहे हे कळण्यासाठी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा असावी आणि रुग्णवाहिकांमध्ये आवश्यक उपकरणे व कर्मचारी असावेत, असे न्यायालयाने सुचविले. तातडीच्या सेवेचा जणू आराखडाच त्यात होता.

कायद्याची चौकट

न्यायालयाचा निर्णय आणि कायद्याचे कलम यांची येथे एकमेकांना साथ मिळाली. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम १३४ मध्ये १९९४ साली दुरुस्ती झाली. जखमीला रुग्णालयात आणताच तेथील नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाने किंवा कामावर असलेल्या डॉक्टरने कोणत्याही सोपस्कारांची वाट न पाहता ताबडतोब उपचार केले पाहिजेत, असे कर्तव्य या दुरुस्तीने घालून दिले. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केलेल्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांतही हाच विचार आहे. डॉक्टरला आपला रुग्ण निवडण्याचे स्वातंत्र्य सर्वसाधारणपणे आहे. परंतु तातडीच्या प्रसंगी मदतीच्या हाकेला त्याने प्रतिसाद दिलाच पाहिजे. या विनियमांच्या जागी २०२३ मध्ये नवे विनियम काढण्यात आले होते. मात्र त्याच महिन्यात ते स्थगित झाल्याने २००२ चे विनियमच चालू राहिले.

ॲसिड हल्ला किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर प्रत्येक सरकारी व खाजगी रुग्णालयाने ताबडतोब आणि विनामूल्य उपचार करावेत, ही तरतूद २०१३ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत आली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३९७ म्हणून कायम आहे. असे उपचार नाकारणाऱ्यास भारतीय न्याय संहितेनुसार एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. रुग्ण बेशुद्ध असेल आणि संमती देणारे कोणी जवळ नसेल, तर त्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या उपचाराला कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे "सही करायला कोणी नाही" ही सबबही उरत नाही.

महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृहे नोंदणी अधिनियम, १९४९ खाली होते. या अधिनियमाखालील नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णांच्या हक्कांची सनद रुग्णालयात दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. रुग्णाने वा त्याच्या आप्तांनी ती सनद वाचावी, हाच तिचा उद्देश आहे.

"स्थिर करणे" म्हणजे काय?

कायद्यात व वैद्यकीय मानदंडांत एक शब्दप्रयोग वारंवार येतो : रुग्णाची प्रकृती स्थिर करणे. त्याचा अर्थ नीट समजला नाही, तर अपेक्षा आणि वास्तव यांत अंतर पडते. प्रत्येक दवाखान्यात मेंदूची शस्त्रक्रिया व्हावी असे कायदा म्हणत नाही. आपल्याकडील साधनांच्या व मनुष्यबळाच्या मर्यादेत राहून रुग्णाचा प्राण तात्काळ धोक्यातून बाहेर काढावा आणि मगच त्याला योग्य ठिकाणी पाठवावे, एवढीच अपेक्षा आहे.

या कामाचा क्रम जगभर एकच आहे. प्रथम श्वासमार्ग मोकळा आहे की नाही ते पाहावयाचे. मानेला इजा असण्याचा संभव असल्यास मान हलू द्यावयाची नाही. दुसरे, श्वासोच्छ्वास पुरेसा आहे काय? नसल्यास प्राणवायू द्यावयाचा. तिसरे, रक्ताभिसरण : वाहणारे रक्त दाब देऊन थांबवावयाचे आणि शिरेतून सलाईन सुरू करावयाचे. चौथे, शुद्धीची पातळी तपासावयाची. पाचवे, अंगावरील कपडे दूर करून दडलेल्या जखमा पाहावयाच्या. या पाच गोष्टींसाठी भव्य इमारत लागत नाही. प्रशिक्षित हात, प्राणवायूची नळकांडी आणि तयार ठेवलेली औषधांची पेटी लागते.

रुग्णाला पुढे पाठविण्याचेही नियम आहेत. पुढील रुग्णालयाशी आधी संपर्क साधावा, तेथे खाट व तज्ज्ञ आहेत याची खात्री करावी, केलेल्या उपचारांची वेळेसह नोंद सोबत द्यावी आणि आवश्यक असल्यास प्रशिक्षित माणूस बरोबर पाठवावा. "जिल्ह्याला घेऊन जा" असे तोंडी सांगून रुग्णाला दारातून परतविणे या मानदंडात बसत नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही ऐपत नसलेल्या रुग्णांना एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे ढकलण्याचे प्रकार घडत होते. ते रोखण्यासाठी तेथे १९८६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. दुखणे सार्वत्रिक आहे आणि उपायही बव्हंशी सारखाच आहे.

रांग नव्हे, निकड

अपघात विभागात गेलेल्या नातेवाइकांची एक तक्रार नेहमी ऐकू येते : "आम्ही आधी आलो आणि मागून आलेल्याला आत घेतले." ही तक्रार स्वाभाविक आहे, पण तातडीच्या वैद्यकशास्त्राचा पायाच या कृतीत आहे. या पद्धतीस 'ट्रायेज' म्हणतात. निवड करणे या अर्थाचा हा फ्रेंच शब्द. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लॅरे यांनी रणांगणावर सैनिकाचा हुद्दा न पाहता जखमेची तीव्रता पाहून उपचारांचा क्रम लावला. तोच विचार पुढे रुग्णालयांत आला.

आपल्याकडे बहुधा रंगांची पद्धत वापरली जाते. प्राण तात्काळ धोक्यात असलेला रुग्ण लाल. गंभीर, पण थोडा वेळ थांबू शकेल असा रुग्ण पिवळा. किरकोळ इजा असलेला हिरवा. मोठ्या दुर्घटनेत मृतांसाठी काळा रंग ठेवलेला असतो. हा क्रम एकदा लावून भागत नाही. पिवळ्या गटातील रुग्णाची प्रकृती बिघडली तर तो लाल गटात जातो. म्हणून थांबलेल्यांची पुन्हा पुन्हा तपासणी करणे हे परिचारिकेचे व डॉक्टरचे काम असते. मागून आलेल्याला आधी आत घेतले याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की, बाहेर थांबलेल्याचे दैव त्या दिवशी थोडे बरे होते.

काही आजारांत वेळेचे मानदंड तर मिनिटांत मोजले जातात. छातीत दुखत असलेला रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत त्याच्या हृदयाचा विद्युत आलेख निघाला पाहिजे. झटका मोठा असल्याचे निश्चित झाले आणि रक्तवाहिनी फुग्याने उघडण्याची सोय वेळेत मिळण्यासारखी नसली, तर रक्ताची गाठ विरघळविणारे औषध अर्ध्या तासात सुरू व्हावे. पक्षाघातात असे औषध लक्षणे दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही मेंदूचे चित्रण करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. म्हणून "सकाळपर्यंत बघू" हा घरचा निर्णय पुष्कळदा जन्माचे अपंगत्व पदरी टाकतो.

येथे व्यवसायाने घेतलेली एक भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे. छातीत कळ आली म्हणून मध्यरात्री धावत आलेल्या माणसाला तपासणीअंती केवळ आम्लपित्त असल्याचे आढळले, तर तो प्रसंग तातडीचा होता की नव्हता? तातडीच्या वैद्यकातील तज्ज्ञांचे उत्तर असे की, सर्वसामान्य समज असलेल्या माणसाला ज्या लक्षणांवरून प्राणाला धोका वाटेल, तो प्रसंग तातडीचाच मानावा. निदान नंतर होते. भय आणि वेदना आधी असतात. हा विचार अमेरिकेत नव्वदीच्या दशकात विम्याच्या कायद्यांतही उतरला. "काही नव्हते, उगाच आलात" असे बोलणे म्हणूनच अनुचित ठरते. कारण पुढच्या वेळी खरोखरच झटका आला, तर तोच माणूस यावयास कचरेल.

महाडच्या परिसरातून गेलेला धडा

तातडीच्या उपचारांचे मानदंड मोठ्या शहरांतच ठरतात असे नाही. महाराष्ट्रातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू झालेले काम याची साक्ष देते. कोकणात लाल विंचवाचा दंश ही एके काळी मोठी आपत्ती होती. या विषामुळे शरीरात उत्तेजक द्रव्ये भरमसाट स्रवतात. रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण गुदमरतो. डॉ. हिंमतराव बावस्कर हे सत्तरीच्या दशकात महाडजवळील बिरवाडी येथे वैद्यकीय अधिकारी होते. अशा रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून त्यांनी लक्षणांचा क्रम बारकाईने नोंदविला.

रक्तदाबावर दिले जाणारे प्राझोसिन हे औषध विषाच्या याच परिणामाला उतारा ठरेल, असे त्यांच्या ध्यानी आले. त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पूर्वी गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांमागे पंचवीस ते तीस दगावत. प्राझोसिनचा वापर रूढ झाल्यावर हे प्रमाण अगदी अल्प झाले. २०११ साली डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी, विंचवाच्या विषावरील प्रतिविष व प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे पद्धतशीर तुलनेने दाखवून दिले. २०२२ मध्ये डॉ. बावस्कर यांना पद्मश्री जाहीर झाली. तोंडाने घेण्याची एक साधी गोळी, ती केव्हा द्यावी याची जाण आणि ती देणारा डॉक्टर जागेवर असणे, या तीन गोष्टींनी जे साधले ते महागड्या यंत्रांनी साधले नसते.

सर्पदंशाबाबतही हेच म्हणता येईल. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे एकच प्रतिविष उपलब्ध आहे. रक्त गोठण्याची क्रिया बिघडली आहे काय, हे स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त वीस मिनिटे स्थिर ठेवून कळते. या चाचणीला प्रयोगशाळाही लागत नाही. आवळून दोरी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे आणि मांत्रिकाकडे नेणे हे सारे घातक आहे. दंश झालेला अवयव न हलविता रुग्णाला सरळ आरोग्य केंद्रात आणणे, हाच खरा प्रथमोपचार.

चाकांवरचे रुग्णालय

रुग्णालय कितीही सज्ज असले, तरी रुग्ण तेथवर पोहोचला पाहिजे. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ रोजी '१०८' क्रमांकाची तातडीची वैद्यकीय सेवा सुरू झाली. आरंभी ९३७ रुग्णवाहिकांचा ताफा होता. त्यांपैकी २३३ रुग्णवाहिकांत प्रगत जीवरक्षक सामग्री होती, तर ७०४ रुग्णवाहिकांत मूलभूत जीवरक्षक सोयी होत्या. राज्यभरातून येणारे दूरध्वनी पुण्यातील मध्यवर्ती कक्षात घेऊन जवळची गाडी पाठवावयाची, अशी तिची रचना ठरली. रुग्णवाहिकेत डॉक्टर असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य होय. मुंबईच्या अरुंद गल्ल्यांसाठी २०१७ मध्ये दुचाकी रुग्णवाहिकाही रस्त्यावर आल्या.

गाडी आणि तिच्यातील माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र विसरता येत नाही. नीती आयोगाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या साहाय्याने देशातील शंभर रुग्णालयांची पाहणी केली. तिचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ९१ टक्के रुग्णालयांकडे स्वतःची रुग्णवाहिका होती. पण प्रशिक्षित साहाय्यक केवळ ३४ टक्के ठिकाणी होते. वाहन खरेदी करता येते. प्रशिक्षण मात्र वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते. पुढील काळात भर कशावर द्यावयाचा, याचे दिशादर्शन या दोन आकड्यांतून होते.

तातडीच्या उपचारांची स्वतंत्र शाखाही आपल्याकडे तशी तरुण आहे. पूर्वी अपघात विभाग म्हणजे नवख्या डॉक्टरांनी पाळीपाळीने सांभाळावयाची जागा, अशीच सर्वत्र समजूत होती. इंग्लंडमधील लीड्स येथे १९५२ साली या विभागासाठी स्वतंत्र वरिष्ठ तज्ज्ञ नेमला गेला. अमेरिकेत १९७९ मध्ये या शाखेला स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा मिळाला. भारतीय वैद्यक परिषदेने तातडीच्या वैद्यकातील पदव्युत्तर पदवीला २००९ साली मान्यता दिली. रुग्ण ज्या दाराने सर्वांत गंभीर अवस्थेत आत येतो, त्या दाराशी सर्वांत अनुभवी डॉक्टर असावा, हा त्यामागील विचार आहे.

मदत करणाऱ्यास अभय

आता पुन्हा त्या महामार्गावरील घोळक्याकडे वळू. माणसे पुढे का येत नाहीत? त्यांची मने दगडाची असतात म्हणून नव्हे. चौकशीचे, साक्षीचे आणि रुग्णालयाच्या बिलाचे भय त्यांना मागे खेचते. हे भय दूर करण्यासाठी केंद्र शासनाने मे २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंधनकारक केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम १३४-अ आले आणि २०२० मध्ये त्याचे नियमही झाले.

जखमीला सद्भावनेने, कोणत्याही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर त्या कृतीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याला आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही की त्याच्याकडून दाखल करण्याचे शुल्क मागू शकत नाही. तो स्वेच्छेने साक्षीदार झाला, तर त्याच्या सोयीच्या वेळी व ठिकाणी त्याचे म्हणणे नोंदवावयाचे आहे. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचविणाऱ्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये पाच हजार रुपयांचे पारितोषिक ठेवले होते. २०२५ मध्ये 'राहवीर' या नावाने ती रक्कम पंचवीस हजार रुपये करण्यात आली.

राहिला प्रश्न पैशाचा. ५ मे २०२५ रोजी केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार मोटार वाहनामुळे कोणत्याही रस्त्यावर झालेल्या अपघातातील जखमीस नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळण्याची तरतूद झाली. नेमून न दिलेल्या रुग्णालयातही प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार या योजनेत येतात. अनामत रकमेसाठी दाराशी होणारा खोळंबा थांबविण्याचा हा प्रयत्न आहे.

डॉक्टरांची बाजू

ही सारी कर्तव्ये डॉक्टरांच्या खांद्यावर टाकताना त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एका पाळीत येणारे असंख्य रुग्ण, अपुरे साहाय्यक, रिकामी नसलेली खाट आणि रुग्ण दगावताच अंगावर धावून येणारा जमाव, अशा स्थितीत त्यांना काम करावे लागते. मारहाणीच्या भीतीने गंभीर रुग्ण हाती न घेता पुढे पाठविण्याकडे कल होतो. आणि त्याची किंमत पुढचा रुग्ण मोजतो. याच कारणासाठी महाराष्ट्रात २०१० साली वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती व संस्था यांच्याविरुद्धच्या हिंसक कृत्यांना प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आणि मालमत्तेच्या नुकसानीबद्दल दुप्पट भरपाईची तरतूद आहे. रुग्णाचा हक्क आणि डॉक्टरांची सुरक्षितता या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. एकीची हेळसांड झाली की दुसरीही ढासळते.

नागरिकांनी काय करावे?

अपघात पाहताच प्रथम '१०८' किंवा '११२' या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि ठिकाण नेमके सांगावे : किलोमीटरचा दगड, फाटा, पूल, जवळचे गाव. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. मान व पाठ मुरगळेल अशा रीतीने जखमीला उचलू नये. माणूस निपचित पडला असून श्वास चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. ही कृती शाळा, महाविद्यालये, एस. टी. आगारे व ग्रामपंचायतींतून शिकविता येण्याजोगी आहे.

रुग्णालयात उपचार नाकारले गेले, तर हुज्जत घालण्यात वेळ न दवडता रुग्णाला प्रथम उपचार मिळतील अशा ठिकाणी न्यावे. नाकारणाऱ्याचे नाव, वेळ आणि दिलेले कारण मात्र टिपून ठेवावे. ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, महानगरपालिका क्षेत्रात वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि डॉक्टरच्या आचरणाबाबत महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते.

१९८९ च्या निर्णयात न्यायालयाने एक वेगळी अपेक्षा व्यक्त केली होती. या निर्णयाला आकाशवाणी, दूरदर्शन आणि वृत्तपत्रे यांतून पुरेशी प्रसिद्धी मिळावी, वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत तो पोहोचावा. कारण जो हक्क माणसाला ठाऊकच नाही, तो ऐन वेळी त्याच्या उपयोगी पडत नाही. रस्त्याच्या वळणावर जमलेल्या घोळक्यातील एकाला जरी हे माहीत असले की मदत करणाऱ्याला आता भिण्याचे कारण नाही, आणि दवाखान्याच्या दाराशी बसलेल्या एका कर्मचाऱ्याला जरी हे पक्के ठाऊक असले की केसपेपर नंतर काढता येतो, तरी त्या रात्रीची पंधरा-वीस मिनिटे वाचतील. बहुधा तेवढीच मिनिटे हवी असतात.